पथारीवरचं कुंकू आणि परतणारा उजेड

सुरतेला गाडी बदलली तेव्हापासून पेटी मांडीवरच होती. समोरच्या काकू दोनदा म्हणाल्या, "ठेवा ना वर, कोण नेतंय?" चोराची भीती कुणाला होती! मला भीती हादऱ्यांची होती. पेटीत दोन लेझर होते, प्रत्येक तांदळाच्या कणीपेक्षा लहान. एक साधा, बाजारात मिळणारा. दुसरा आमच्या पुण्याच्या प्रयोगशाळेतला, क्वांटम डॉटचा. त्याच्या पोटात अर्धवाहकाचे इतके बारीक ठिपके असतात की सूक्ष्मदर्शकालाही घाम फुटावा. असा चालणारा आमच्याकडे हा एकच होता.

सरांनी निघताना सरळ सांगितलं होतं, "बंद खोलीत सगळंच चालतं. धुळीत, उन्हात चालवून दाखव. नाही चाललं तर हा विषय बंद." माझी तीन वर्षं त्या 'बंद'मध्ये जाणार होती. नवापूर गेलं तरी हातातला चहा तसाच होता.

नंदुरबार आधी नाकाला कळतं. स्टेशनाबाहेर रिक्षात बसले आणि ठसका लागला. रिक्षावाला हसला, "नवीन दिसतात ताई. दोन दिवसांत सवय होईल." मला एकच दिवस मिळाला होता.

पारसमलशेठ मिरचीचे व्यापारी. गावाबाहेर त्यांची पथारी (मिरच्या वाळत घालायचं मोकळं मैदान) आहे. नजर जाईल तिथवर लालच लाल, आणि मध्ये तोंडाला फडकी बांधून मिरच्या उलथणाऱ्या बायका. शेठना पथारीवर कॅमेरे बसवायचे होते, म्हणून त्यांनी जागा दिली. शेडखाली मी दोन पडदे मांडले. कॅमेऱ्याचं तेच चित्र दोन्ही लेझर आपापल्या काचेच्या तारेतून पथारीला वळसा घालून पडद्यांवर आणणार होते.

अडचण अशी की तारेच्या जोडात जरा फट राहिली की थोडा उजेड माघारी फिरतो आणि लेझरमध्येच शिरतो. साधा लेझर त्याने बिथरतो. म्हणून त्याच्यापुढे एक महागडा भाग बसवतात, उजेडाला जाऊ देणारा पण परत न येऊ देणारा. आमचं म्हणणं होतं, ठिपकेवाल्याला तो लागत नाही. मी तो भाग दोघांनाही लावला नव्हता. आणि खरं सांगते, परतणारा उजेड फार वाढला तेव्हा आमचाही लेझर एकदा प्रयोगशाळेत कोलमडला होता.

बायकांची मुकादम रंजनबाई. तिने मला बळेच जेवायला बसवलं. कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. हात धुऊन शेडमध्ये आले आणि जागीच थिजले. लेझरच्या दोन्ही डब्यांपुढे उदबत्ती, फुटलेला नारळ, आणि जोडणीच्या उघड्या टोकांवर, दोन्हींच्या, कोरडं कुंकू.

"अगं बाई! हे काय केलंत?"

"नवं मशीन शे ना," रंजनबाई म्हणाली. "कुकू लाया बिगर (लावल्याशिवाय) कसं चालू करशात?"

शेठ मागून आले. "ताई, आमच्याकडे तराजूसुद्धा पूजेशिवाय हलत नाही."

त्या टोकावर मी कधी श्वास पडू दिला नव्हता! पुसायला कापड काढलं तशी रंजनबाईने हातच धरला. "कुकू पुशी नका टाकू, ताई! (पुसू नका!)" तिचा चेहरा पांढरा पडला होता. मागच्या बायकाही थांबून बघत होत्या. कुंकू कधी पुसतात, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मला रडू यायला लागलं. फुंकरीने उडालं तेवढं उडवलं. कण राहिले, म्हणजे फट राहणार, म्हणजे उजेड उलटणार. देवाचं नाव घेऊन तसेच जोड बसवले.

दोन्ही चालू केले. साध्या लेझरच्या पडद्यावर मिरच्या दिसल्या, चित्राचे चौकोन झाले, ते फाटलं, आणि पडदा काळा. दुसऱ्या पडद्याकडे बघायचं धाडसच होईना.

"हाई त चाली ऱ्हायनं (हे तर चालतंय)," रंजनबाई म्हणाली.

खरंच चालत होतं. बायका मिरच्या उलथत होत्या, एकीने पदर सावरला तोही स्वच्छ दिसला. उन्हं कलेपर्यंत मी तिथून हलले नाही.

रंजनबाई मात्र काळ्या पडद्यापाशी खट्टू उभी. "मी त दोन्हीले लायं कुकू. मंग हाई का बरं थांबनं?"

"उलटून आलेलं त्याला सोसत नाही, मावशी."

"मन्हा नवरासारखंच! उलटं बोलं का डोकं फिरी जास." मग दुसऱ्या डब्याकडे बोट दाखवून, "आनि हाई?"

"हे ऐकून घेतं, आणि आपलं काम करत राहतं."

ती हसत मिरच्यांकडे गेली.

परतीच्या गाडीतही पेटी मांडीवरच होती, टोकावरच्या कुंकवासकट. आता धास्ती वेगळी, सर विश्वास ठेवतील का? पुण्यात त्यांनी दोन्ही पडद्यांचं मी केलेलं चित्रीकरण दोनदा पाहिलं. मग चष्मा सावरून म्हणाले, "आपला लेझर माझ्यासमोर लाव. आधी टोकं पुसून घे."

तीन वर्षं हे वाक्य ऐकून मी निमूट पुसत आले होते.

"सर, कुंकू आहे. पुसायचं नाही."

त्यांनी वाकून टोक जवळून पाहिलं. मग खुर्ची ओढून बसले.

"बरं. तसंच लाव."