न पाहिलेल्या जागेचा पंच

पोलीस मित्र स्वयंसेवकांनो, आज सकाळी मला आपल्या ठाण्यात पंच म्हणून बोलावले. अपघाताचा पंचनामा आधीच लिहून तयार होता. फक्त माझी सही हवी होती.

फुलांचा टेम्पो रस्त्याच्या मधोमध उभा होता, म्हणून दुचाकीस्वार धडकला, असे त्यात होते. टेम्पोचे मालक, मखमलाबादचे शेतकरी दगूभाऊ, बाकावर बसले होते.

"साहेब, गाडी पार कडेला व्हती. एकदा जागा तरी बघा."

मी हवालदारांना जागा दाखवायला सांगितले.

"सर, हा कॉलेजचा पेपर नाही तपासायला. सही करा, चहा घ्या. पोलीस मित्र ना तुम्ही?"

"आहे. म्हणूनच पाहिल्याशिवाय सही करणार नाही."

"मग ते पोलीस मित्राचं जॅकेट ठेवून जा."

जॅकेट मी दिलेले नाही. दुपारी चारला तेच घालून, जागा दाखवा म्हणायला पुन्हा ठाण्यात जाणार आहे.

तो कागद आता तुमच्यापैकी कोणापुढे तरी येईल. न पाहता सही करणाऱ्याला मी पंच मानत नाही, मग तो कितीही जुना स्वयंसेवक असो. टेम्पो ठाण्याच्या आवारात अडकला आहे, आतला झेंडू सुकतो आहे. जागा पाहायला माझ्याबरोबर कोण येणार?