जळकं ऑइल

आप्पांच्या हातातून गाडी कुणी काढून घेतली, याची यादी मी मनातल्या मनात कितीदा तरी केली आहे. आप्पा म्हणजे माझे वडील. यादीत माझा भाऊ आहे, शेजारचा केळीवाला आहे, पारावर बसून गावातल्या सगळ्यांच्या डोळ्यांचे नंबर काढणारी चार टाळकी आहेत. दर वेळी मी भावापासून सुरुवात करते, कारण त्याच्यावर चिडणं सोपं जातं. शेवटी मात्र माझ्यापाशीच येऊन थांबावं लागतं. तेव्हा हे शांत डोक्यानं लिहिणं मला जमणार नाही.

मी लातूरला पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकल शिकवते. आप्पा अर्धापूरच्या पलीकडे आमच्या गावी राहतात, केळी लावतात. आई गेल्यावर त्यांचं बोलणं दोन शब्दांवर आलं होतं. फोन केला की "बरं हाय." जेवलात का विचारलं की "हाव." पुढे काही नाही. मी इकडे फोन धरून बसायची आणि ते तिकडे.

त्यांना बोलतं करायला म्हणून मी गाडी घेतली, असं सांगितलं तर लोक हसतात. पण तसंच आहे. देगलूरच्या एका गुत्तेदाराकडून जुनी फोर बाय फोर उचलली. त्यानं तिचे पार हाल केले होते. वर्षभर सुट्टीच्या दिवशी नांदेडला एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या शेडमध्ये जाऊन बसले. गाडी उंच करून घेतली, चिखलाचे टायर टाकले, मागच्या सीट काढून लाकडी खण बसवले, पाण्याची टाकी, दुसरी बॅटरी, टपावर उघडणारा तंबू. ओढ्यातून जाताना इंजिनात पाणी शिरू नये म्हणून हवेची नळी काचेशेजारून टपापर्यंत वर नेली. नवरा एवढंच म्हणाला, "हौस तुझी. मला त्या तंबूत झोपायला बोलवू नकोस." गावात गाडी नेली तर नळीभोवती ही गर्दी. एकजण म्हणाला, "बैलाला नळीनं औषध पाजल्यागत हिला बी ढोस पाजून राहिल्या का बाई?"

आप्पांनी गाडीला एक फेरी मारली, वाकून खालून बघितलं आणि म्हणाले, "घर असताना रानात झोपायला एवढा खटाटोप? आम्ही जल्मभर रानातच झोपलो. आम्हाला कुणी शाबासकी दिली न्हाई."

पण लोहा गावाच्या पुढच्या माळावर मुरमाचा एक चढ आहे, तिथं त्यांच्या हाती गाडी दिली आणि मी शेजारी बसले. त्यांनी चपला काढून सीटखाली सारल्या. ते आयुष्यभर अनवाणीच गाडी चालवत आले. पायाला कळतं म्हणतात. लो गिअर टाकला आणि कुठंही घाई न करता, एकदाही चाक न घसरवता गाडी वर नेली. वर गेल्यावर हसले. आई गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघत होते. त्या सकाळी चहा उकळत असताना ते जे बोलत सुटले, ते दुपारी पिठलं-भाकरी खाऊन झाल्यावरही थांबले नाहीत. चुलत्याची जीप, चिखलात रुतलेली वरात, आईला माहेराहून आणताना फुटलेला रेडिएटर. यातलं निम्मं मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांचं वय चौऱ्याहत्तर. त्यांच्या हाती स्टिअरिंग आहे तोवर माझा बाप मला आहे, हे मला तिथंच समजलं होतं. हे समजलेल्या माणसानं पुढं जे केलं, त्याला माफी नाही.

दर फेरीनंतर गाडीची निगा आम्ही दोघं राखायचो. आमच्याकडची काळी माती चाकांच्या आत अशी बसते की वाळली तर छिन्नीनं काढावी लागते. मी गाडीखाली, आप्पा बाहेर स्टुलावर, पाने हातात देत. हे काम त्यांनीच मला शिकवलेलं, मी परकरात होते तेव्हापासून, आमच्या जुन्या जीपवर. त्या जीपला दरवर्षी मृगाच्या आधी खालून जळकं ऑइल मारायचं, हा घरचा नेम. इंजिनातून काढलेलं काळं तेल, त्यात थोडं डिझेल, आणि वॉशिंगवाल्याच्या कॉम्प्रेसरनं गाडीच्या पोटाखाली फवारा. पावसाळाभर गंज धरत नाही. आमच्या भागात ट्रॅक्टरला मारतात, टेम्पोला मारतात, जीपला मारतात. आठ दिवस घरात वास. आई नाकाला पदर लावून फिरायची.

जीपला ते चालायचं. तिचे ब्रेक डब्यात बंद, ड्रमच्या आत. माझ्या गाडीला पुढं उघड्या डिस्क होत्याच, म्हणजे ब्रेक ज्यांना चिमटीत धरतो त्या लोखंडी तबकड्या, आणि मागचे ड्रम काढून तिथंही डिस्क बसवायचा हट्ट माझा. मिस्त्री म्हणाला होता, "मॅडम, चिखलाच्या गाडीला ड्रम बरा. झाकलेला राहतो." मी त्याला ब्रेक कसे तापतात, उष्णता कशी बाहेर पडते, हे त्याच्याच शेडमध्ये उभं राहून अर्धा तास शिकवलं. बिचारा म्हणाला, "ठीक आहे, तुमची मर्जी."

जूनच्या सुरुवातीला आम्ही सहस्रकुंडाच्या धबधब्याला जायचं ठरवलं होतं, पाऊस लागायच्या आत. मी लातूरहून निघाले, आणि गावाच्या फाट्यावरच्या वॉशिंग सेंटरला गाडी रॅम्पवर चढवली. तेवढ्यात प्राचार्यांचा फोन आला. प्रश्नपत्रिकेत काहीतरी घोळ होता, आणि आमच्या प्राचार्यांचा घोळ एका फोनमध्ये निस्तरत नाही. वॉशिंगवाला खालून ओरडला, "मॅडम, ऑइल मारू का? मृग तोंडावर आला." मी फोनवर हात ठेवून म्हणाले, "मारा. कोपरा न् कोपरा मारा." माझे शब्द. डिस्कवर कापड घाला, चाकाकडं जाऊ नका, एवढं सांगायला लागलं असतं अर्धं मिनिट. जिला दरवर्षी पोरांना ब्रेकचा धडा शिकवायचा पगार मिळतो, तिला ते सुचलं नाही. लहानपणापासूनचा नेम होता, तोंडातून "मारा" आपोआप गेलं.

आप्पा गावातून चालत फाट्यावर आले. मी डावीकडे सरकले, त्यांनी चपला काढल्या, गाडी सुरू केली. फाट्यापासून गावाकडे उतार आहे, खाली कॅनॉलजवळ वळण. वळणावर केळीचे घड भरलेला ट्रॅक्टर रानातून बाहेर येत होता. आप्पांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. मी ओरडले, "आप्पा, ब्रेक! ब्रेक दाबा ना!" त्यांनी ट्रॅक्टर वाचवायला गाडी शेजारच्या केळीत घातली. बांधावर मोटारसायकल लावून उभा असलेला केळीवाला उडी टाकून कॅनॉलच्या पाण्यात गेला. दहा-बारा झाडं आडवी झाली आणि गाडी बांधाला धडकून थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

माणसं जमली. केळीवाला ओल्या पायजम्यानिशी वर आला आणि म्हणाला, "आप्पा, दिसत न्हाई तर चालवता कशाला?" दुसरा म्हणाला, "वय झालं आता. पाय चालत न्हाई वेळेवर." सगळे माझ्याकडं बघत होते. शेजारी मीच होते ना. मी म्हणाले, "उशिरा दाबला ब्रेक." तेव्हा मला खरंच तसं वाटलं, असं मी स्वतःला सांगते. आप्पांनी माझ्याकडं एकदा बघितलं. मग चपला घालून खाली उतरले आणि पडलेल्या केळींचे घड बाजूला काढायला लागले.

दुसऱ्या दिवशी भाऊ पुण्याहून आला. वर्षातून दोनदा येतो, आणि दोन्ही वेळा सगळ्यांना शिस्त लावून जातो. त्यानं डोळ्यांचा विषय काढला, रिफ्लेक्सचा काढला, टीव्हीवर ऐकलेलं काहीतरी सांगितलं. "उद्या कुणाचं पोर मध्ये आलं तर?" या प्रश्नाला उत्तर नसतं, हे त्याला ठाऊक आहे. माझ्या गाडीची एक चावी, जी आप्पांकडं असायची, ती त्यानं आपल्या बॅगेत टाकली. वर मलाच सुनावलं, "तुझ्या नादानं झालं हे. म्हाताऱ्या माणसाला डोंगरात नेतात का?"

चार दिवसांनी नांदेडच्या शेडमध्ये मिस्त्रीनं चाक काढलं. डिस्कवर बोट फिरवलं, ते काळं झालेलं बोट माझ्यासमोर धरलं. "या अल्ला! मॅडम, हे कुणी मारलं? याच्यावर ब्रेक धरंल का कधी? कोण चालवून राहिला होता?"

"वडील," मी म्हणाले.

"त्यांनी गाडी थांबवली कशी, मला तेच समजत न्हाई," तो म्हणाला. "नशीबवान हाव तुम्ही, असा ड्रायव्हर बसला होता."

इथं माझी गोष्ट संपायला हवी होती. शेडबाहेर येऊन भावाला फोन लावायचा, गावात फोन लावायचा, माझी चूक होती म्हणायचं. मी नाही लावला. पेपर तपासायचे होते. मग नवऱ्याला बरं नव्हतं. मग आता समोरासमोरच सांगू. पॉलिटेक्निकची मॅडम आणि ब्रेकवर तेल, हे गावभर झालं तर? दीड महिना मी अशी कारणं रचत बसले. रोज वर्गात फळ्यासमोर उभी राहत होते आणि रोज स्वतःची किळस येत होती.

त्या दीड महिन्यात गावानं आप्पांचं काय केलं ते मला फोनवर समजत होतं. कालपर्यंत आपली गाडी त्यांच्या हाती देऊन "आप्पा, जरा तालुक्याला सोडा" म्हणणारे आता त्यांना हाताला धरून मागच्या सीटवर बसवत. आणि आप्पा पुन्हा दोन शब्दांवर आले. "बरं हाय." "हाव."

जुलैच्या शेवटी दुरुस्त गाडी घेऊन मी गावी गेले. आप्पा ओसरीत औषध फवारायचा पंप उघडून बसले होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. ऑइल मी मारायला लावलं. डिस्कवर गेलं. तुमची काही चूक नव्हती.

त्यांनी वॉशर पुसून जागेवर बसवला. "ठावं होतं, माय."

"काय ठावं होतं?"

"पहिल्यांदा ब्रेक दाबला तवाच वास आला. जळक्या तेलाचा, तापल्यावर येतो तो."

मला काय झालं ते नीट सांगता येत नाही. मी माफी मागायला आलेली, आणि त्यांच्यावरच तुटून पडले. "मग बोलला का नाही? सगळ्या गावानं तुम्हाला आंधळं ठरवलं! तो शहाणा पुण्याहून येऊन चावी घेऊन गेला, आणि तुम्ही बसून राहिलात?"

"तू शेजारी बसली होतीस. मला वाटलं, तू सांगशील."

मी तिथंच भावाला फोन लावला, आप्पांनाही ऐकू जाईल असा, आणि एका दमात सांगितलं. तो म्हणाला, "असेल. पण ताई, वय तर झालंच आहे ना? यावेळी तेल होतं, पुढच्या वेळी दुसरं काही असेल. या निमित्तानं थांबले ते बरंच झालं." मी त्याला जे बोलले ते आप्पांसमोर कधी बोलले नव्हते, इथंही लिहिणार नाही. फोन आदळला. मग पर्समधून गाडीची दुसरी चावी काढली आणि आप्पांसमोर धरली.

"चला. आत्ता. लोह्याला जाऊ, सहस्रकुंडाला जाऊ, कुठंही."

त्यांनी पंपाचं झाकण फिरवून घट्ट केलं, हात पुसले, चावीकडं बघितलं. घेतली नाही.

"पहिले आठ दिवस मला पक्कं ठावं होतं," ते म्हणाले. "मग समदेच म्हणून राहिले. तू बी तेच म्हणली होतीस. मग मला वाटाय लागलं, तो वास खरंच आला होता का, का मीच मनाची समजूत घालून राहिलो."

"आला होता, आप्पा. मी सांगते ना आता."

"हाव," ते म्हणाले, आणि उठून पंप खोलीत ठेवायला गेले.