आधी हात धुवा

अमळनेरच्या आमच्या गल्लीत रोनकला सगळे 'खेळण्यांवाला' म्हणतात. वय एकतीस, सरकी-पेंडीचं दुकान, आणि दुकानाचं शटर पडलं की प्लास्टिकची छोटी विमानं. डब्यातून सुटे भाग येतात, ते जोडले की झालं, असं मलाही वाटायचं. पण जोडणं राहतं बाजूला, हा पठ्ठ्या आधी एकेक भाग उजेडात धरून त्याच्या खोडी शोधतो. साच्यातून भाग बाहेर ढकलताना सळईचे गोल ठसे उठतात, जाड जागी प्लास्टिक आकसून खळगा पडतो. त्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, वाळली की ओल्या पॉलिश कागदानं घासायची, वर रंगाआधीच्या करड्या अस्तराचा फवारा मारायचा. फवाऱ्यानंतर राहिलेली खोड उघडी पडते. मग पुन्हा लांबी.

"अरे, आतली बाजू कोणाला दिसणार आहे?" मी एकदा विचारलं.

"मला दिसते ना, नाना."

आता अशाला मुलगी कोण देणार? दुकानदार मुलगा म्हटलं की हल्ली मुलीकडचेच नाक मुरडतात. दोन सोयरिकी अशाच मोडल्या. धुळ्याचे पाहुणे येणार म्हणून त्याच्या आईनं, सायरबाईंनी, त्याचं विमानांचं टेबल पेंडीच्या पोत्यांमागे सरकवलं. रोनकनं ते उचलून पुन्हा बैठकीत मांडलं.

"लपवून लग्न करू आणि मग जन्मभर चोरून घासत बसू? मला जमणार नाही."

"हीपण गेली तर मी कोणाच्या दारात जाऊ रे?" सायरबाई रडकुंडीला आल्या होत्या.

पाहुणे आले. मुलाचं कौतुक करायला शेजारी म्हणून मला बसवलं होतं. शेव खाता खाता मुलीच्या मामांनी अस्तर मारलेला पंख उचलला. बोटं तेलकट, आणि तेलावर रंग धरत नाही.

"मामा, तो ठेवा. आधी हात धुवा, मग हवा तेवढा बघा," रोनक म्हणाला.

मी छताच्या पंख्याकडे बघू लागलो. मामा हसले, पण पंख काही ठेवला नाही. "बाप लवकर गेला की पोरं अशीच राहतात. लग्न झालं की हे सगळं भंगारात देऊन टाकू."

सायरबाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या. रोनकचे वडील कांतीलालभाऊ गेले तेव्हा तो शाळेत होता. दुकान या बाईनं एकटीनं ओढलं, व्यापाऱ्यांशी एकटीनं भांडली. माझं डोकं तर तिथंच फिरलं होतं. सायरबाईंनी ट्रे खाली ठेवला, मामांच्या हातातून पंख काढून घेतला आणि रोनकच्या मऊ फडक्यानं पुसला.

"याला मी वाढवलंय," त्या म्हणाल्या, "आणि मला तो असाच पसंत आहे. नळ मागे आहे, साबण तिथेच आहे. हात धुऊन आलात तर सोयरिकीचं बोलू."

मामा उठले ते थेट गाडीकडे गेले. सायरबाईंनी त्यांचा चहा माझ्यापुढे ठेवला.