जात्याचा खुंटा

आमच्या गावच्या संग्रहालयाची किल्ली माझ्याकडे आहे, याचं कारण माझी गिरणी त्याच्या समोर आहे. इतिहासाची आवड वगैरे काही नाही. समितीतल्या लोकांना दुपारी झोपायचं असतं आणि मी दिवसभर गिरणीत उभीच असते, एवढंच. किल्लीबरोबर झाडू आला, झाडूबरोबर नोंदवही आली, आणि एक दिवस कागदावर सही करताना मला कळलं की मी चिटणीस आहे.

संग्रहालय म्हणजे वाचनालयाच्या मागच्या दोन खोल्या आणि शहाबादी फरशीचं अंगण. दोन खोल्यांत सगळं एकदम मावत नाही, म्हणून हंगामाप्रमाणे मांडणी बदलते. संक्रांतीच्या सुमाराला तांब्याचा बंब, शेगडी, घोंगडी. उन्हाळ्यात जातं, उखळ, शेवयांचा पाट, लोणच्याच्या बरण्या. बेंदराला बैलांचा साज. दिवाळीत मुलं अंगणात किल्ला करतात आणि आम्ही भिंतीवर एक तलवारीचं पातं लावतो. ते ऊस तोडायच्या कोयत्याचं असावं असा माझा अंदाज आहे, पण ज्यांनी दिलं त्यांच्यासमोर तसं म्हणायची कुणाची छाती नाही.

वस्तू सगळ्या गावाने दिल्यात. म्हणजे नोंदवहीत दिल्यात. गावाच्या हिशेबी त्या फक्त आमच्याकडे ठेवल्यात. एक काकू दर उन्हाळ्यात येतात आणि आपला पितळी सोऱ्या चिंच लावून लख्ख घासून जातात. पाट्या रंगवणारे आमचे सर, म्हणजे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, कळवळून सांगतात की काकू, त्यावरचा तो काळपटपणा म्हणजे काळाचा थर आहे, तो जपायचा असतो.

"थर न्हाई सर, घाण हाय ती," काकू म्हणतात. "उद्या कुणी म्हणंल, ह्यांच्या घरात भांडी घासत न्हाईत."

सरांनी 'हात लावू नये' अशी पाटी चार ठिकाणी लावली आहे. अक्षर फार सुंदर आहे. लोक पाटीला हात लावून बघतात.

जातं आलं ते गेल्या वर्षी. वरच्या आळीच्या एका आजींचं. सुनेला मोरीशेजारच्या कोपऱ्यात कपडे धुवायचं मशीन ठेवायचं होतं, त्यामुळे जातं टेम्पोत घालून आजी स्वतः बरोबर आल्या. जातं उतरवून झाल्यावर मला म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यानं गिरणी काढली आणि माझं जातं बसवलं. आता तूच संभाळ."

मी नोंद केली : जातं, काळा दगड, लाकडी खुंट्यासह. सरांनी दगडावर पांढऱ्या रंगात क्रमांक घातला.

या वर्षीच्या उन्हाळी मांडणीला शाळेची मुलं आली. मुलांना जातं आवडतं, कारण तिथली हलणारी वस्तू ती एकच. दोघांनी खुंटा धरून गरगर फिरवलं आणि तिसऱ्याने बोट मध्ये घातलं. बोट थोडं चेंगरलं, हळद लावली, मुलगा दहा मिनिटांत कुल्फी खात होता. मी विसरून गेले. सर विसरले नाहीत.

पुढच्याच महिन्यात, वैशाखातल्या एका सकाळी आठ वाजता, आजी दारात. नऊवारी नवी, हातात आंब्याचे डहाळे, मागे सून, सुनेच्या हातात हळकुंडांचं ताट, आणि रस्त्यावर टेम्पो.

"काढ गं जातं. नातीची हळद हाय आज."

आमच्याकडे लग्नाची हळद घरच्या जात्यावर दळतात. खुंट्याला आंब्याची पानं, हळकुंड, सुपारी बांधायची आणि पाच सवाष्णींनी मिळून हळकुंडं दळायची. हल्ली बहुतेक घरांत जातं नसल्याने मिक्सरला पानं बांधतात. मी ते पाहिलं आहे.

मी म्हटलं, "आजी, आधी सांगायचं तरी."

"सांगायचं काय त्यात? जातं माझंच हाय की."

"मी डंकावर दळून देते. वस्त्रगाळ. दहा मिनिटांत."

गिरणीशेजारी माझा हळद-मिरचीचा डंक आहे, आणि आसपासच्या गावांत माझ्या हळदीला नाव आहे. आजींनी माझ्याकडे असं बघितलं की मी विषय सोडला.

खरी गोष्ट सुनेने बाजूला घेऊन सांगितली. व्याही साताऱ्याचे. नवऱ्या मुलाच्या आईने फोनवर सांगितलं होतं की, तुम्ही काही त्रास घेऊ नका, आमचा हळदीचा कार्यक्रम ज्या मंडळींना दिलाय ते फुलं लावलेलं जातं आणतात, हलकं असतं, फोटोपुरतं. आजींनी सुनेच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाल्या, "आमच्याकडं खरं हाय. या बघायला." आणि ते लोक खरंच येत होते. बारा वाजता, नवऱ्या मुलाच्या दोन आत्या आणि एक मावशी, जातं बघायला.

"न्हाई फिरलं तर त्या म्हातारीला गावात तोंड दाखवायला जागा न्हाई," सून म्हणाली. "आणि मला घरात."

जातं फिरायला काय झालंय, म्हणत मी खुंटा धरला. हललं नाही. टेम्पोवाल्याने जोर लावला. वरच्या दगडाबरोबर खालचा दगड, आणि त्याच्याबरोबर त्याखालचं टेबल फिरायला लागलं.

तेवढ्यात सर आले. आम्हाला पाहून त्यांचा चेहरा आधी खुलला आणि मग उतरला.

"वहिनी, ते सुरक्षेसाठी मी…"

ओट्याचा ग्रॅनाइट बसवायला जो दोन नळ्यांचा गोंद वापरतात, तो सरांनी स्वतः कराडहून आणला होता. दोन्ही दगडांच्या मध्ये, कडेने, चार ठिकाणी, चारही दिशांना, एकसारख्या अंतरावर. सर कोणतंही काम अर्धवट करत नाहीत.

आजी टेबलाजवळ गेल्या. फटीत बोट फिरवून गोंद चाचपला. "ह्ये कुणी केलं?"

"मी," सर म्हणाले. "मुलांची बोटं…"

"माज्या घरात ह्या जात्याजवळ सहा पोरं रांगली. साठ बोटं हायेत, मोजून घ्या."

फरशी बसवणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, चकतीने कापावं लागेल, अर्धा इंच दगड जाईल. आजी म्हणाल्या, त्याला म्हणावं, ये, आधी तुजा अर्धा इंच काढते. साडेनऊ वाजले होते. मग मला समोरच्या गल्लीतले कल्हईवाले चाचा आठवले. हल्ली कल्हई कुणी करून घेत नाही, पण धातू आणि आच यांतलं कळणारा माणूस तोच.

चाचा आले, खाली वाकले, गोंदाला नख लावलं. "आच लागली की मऊ पडतंय ह्ये. पर दगुड हाय, एकदम आग दावली तर तडकंल. आदी कोमट, मग गरम, मग कढत. पाणी लय लागंल."

पाणी तापवायला संग्रहालयात काय आहे? संक्रांतीच्या मांडणीतला बंब. आतल्या खोलीत चादरीखाली होता. सर म्हणाले, "वहिनी, ती नोंद झालेली वस्तू आहे." मी म्हटलं, "सर, जातंसुद्धा." सर जळणाला टरफलं आणि करवंट्या आणायला स्वतः गेले.

अंगणात बंब पेटला. कितीतरी वर्षांनी पेटला असेल, पण घरच्यासारखा धूर काढायला लागला. तोटीला फडकं बांधावं लागलं. जात्याला माझ्या गिरणीतली दोन पोती गुंडाळली आणि आळीपाळीने तांब्याने पाणी ओतत बसलो. सरांनी घातलेला क्रमांक पहिल्या अर्ध्या तासात धुऊन गेला. साडेदहाला गावभर बातमी होती आणि अंगणाच्या भिंतीवर माणसं बसली होती. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला इतकी कधी आली नव्हती.

"आणि कढत," चाचा म्हणत. "आणि."

अकराला त्यांनी मांडणीतलंच कपडे धुवायचं लाकडी धोपाटणं मागितलं आणि वरच्या दगडाला कडेने हलके ठोके द्यायला लागले. एक ठिकाण सुटलं. मग दुसरं. तिसऱ्याला वेळ लागला. आजी जमिनीवर बसून होत्या.

साडेअकराला टचकन आवाज झाला. दगड फुटला असं वाटून सरांनी डोळे मिटले. चाचांनी खुंटा धरून ओढला आणि वरचा दगड बोटभर सरकला. मग पूर्ण फिरला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आजी म्हणाल्या, "जोंधळं आणा."

दगड उचलून, गोंदाचे पापुद्रे खरवडून, कोरडा पुसून परत बसवला. आजींनी ओंजळभर जोंधळे घालून एकटीनेच दळले, म्हणजे उरलासुरला गोंद पिठाबरोबर निघून जाईल. ते पीठ सरांच्या हातात देऊन म्हणाल्या, "मुंग्यांना बी घालू नका."

जातं तापलेलं, घरी न्यायला वेळ नाही, म्हणून हळद तिथेच, 'हात लावू नये'च्या खाली. साताऱ्याची गाडी आली तेव्हा पानं बांधून झाली होती, पण पाचपैकी एक सवाष्ण ब्यूटी पार्लरमध्ये अडकली होती. आजींनी मला बसवलं. खुंट्याला पाच जणींचे हात लागले आणि दुसऱ्याच फेऱ्याला जातं अडलं. ते मीच अडवत होते. सगळ्या ओढत होत्या तेव्हा मी ढकलत होते.

"गिरणीवाली हाय ती," आजींनी साताऱ्याच्या आत्यांना समजावलं. "तिला बटणच ठावं."

आत्या हसल्या, मग पदर खोचून त्यातली एक माझ्या जागी बसली आणि न चुकता ओढायला लागली. मावशीने फोटो काढले. हळद निघाली ती जाडीभरडी. अशी माझ्या डंकावर निघाली असती तर गिऱ्हाइकाने परत केली असती. वास मात्र हळदीचाच होता. गोंदाचा येतोय का ते मी दोनदा पाहिलं. आत्यांना त्यातलं काही कळलं नाही. सरांनीही, पहिल्यांदाच, काही समजावून सांगितलं नाही.

लग्न होऊन आठवडा झाल्यावर आजी आल्या. सर नवा क्रमांक घालत होते, या वेळी दगडाच्या खालच्या अंगाला. आजींनी खुंटा हलवून हलवून उपसला आणि पिशवीत टाकला.

"आजी, तो नोंदीत आहे," सर म्हणाले.

"दगुड तुमच्याकडं, खुंटा माज्याकडं. खुंटा न्हाई तर पोरं फिरवत न्हाईत, आणि तुमाला डिंक लावायला नको. कुणाला हळद दळायची आसंल तर माज्याकडं यायचं. मी बघीन द्यायचा का न्हाई त्ये."

आमच्या समितीच्या बैठका वर्षातून सहा होतात. त्यांत सुरक्षेवर याहून शहाणपणाचं मी काही ऐकलेलं नाही. मी नोंदवहीत 'खुंट्यासह'वर रेघ मारली. सरांनी पाटीवर खाली बारीक अक्षरात लिहिलं : खुंटा मालकिणीकडे.

बेंदराच्या मांडणीसाठी वस्तू यायला लागल्या तेव्हा एका शेतकऱ्याने बैलाच्या शिंगात घालायची पितळी शेंबी आणून दिली. एकच. मी दुसरी कुठे आहे म्हणून विचारलं.

"घरी," तो म्हणाला. "आजींनी सांगितलंय."