साबणीससाहेब शब्द मंजूर करतात

निवृत्त माणसाकडं वेळ फार असतो, असं लोक म्हणतात. वेळ कुठं जातो ते कळत नाही. किस्से मात्र घरातल्या रिकाम्या बरण्यांसारखे साठत जातात. टाकवत नाहीत आणि उपयोगही नाही. त्यातले हे काही.

गुलमंडीत एका कापड दुकानाचं शटर उघडेपर्यंत त्याच्या ओट्यावर आम्ही चौघं बसतो. शहागंजात घड्याळं दुरुस्त करणारे पठाणभाई, चितेगावच्या कारखान्यातून निवृत्त झालेले हाके, मी, आणि मी ज्यांच्या हाताखाली नोकरी काढली ते हेडक्लार्क साबणीससाहेब. पेपरात रोज इंग्रजी अक्षरांचं एक चक्र येतं. त्या अक्षरांतून शब्द काढायचे आणि प्रत्येकात मधलं अक्षर आलंच पाहिजे.

साहेब स्वतः शब्द देत नाहीत. शब्द आम्ही सादर करायचे. साहेब चष्म्यावरून बघून म्हणणार, 'मंजूर', 'नामंजूर' किंवा 'चर्चा करावी'. ही पद्धत कुणी ठरवली नाही. ऑफिस सुटलं, सवय सुटली नाही.

साहेब एकटे राहतात. मुलगा अविनाश पुण्याला. "बाबांचं विसरणं वाढलंय, घर बंद करून त्यांना घेऊन जातो," हे त्याचं गेलं वर्षभर चाललंय. साहेबांना इथून हलायचं नाही, आणि ते गेले तर आमचे शब्द मंजूर कोण करणार, ही आमची अडचण.

* * *

एकदा मधलं अक्षर एल होतं. पठाणभाई ओट्यावरून उठून रस्त्यात फिरून आले आणि म्हणाले, "सेल. टेलर."

साहेबांना संशय आला. "पठाण, तुम्ही दुकानांच्या पाट्या वाचून आलात."

"हौ साहेब."

"शब्द डोक्यातून काढायचे असतात."

"डोके में जो है, वो भी तो पाट्या पढ़ पढ़ के ही आया ना साहेब."

साहेबांनी दोन्ही शब्द मंजूर केले, पण नाराजीनं.

* * *

हाक्यांचा थोरला भाऊ अजून मेंढरं राखतो. एक दिवस हाके आले आणि पेपरला हातही लावला नाही. मी विचारलं, काय झालं?

"काल भाऊ म्हनला, सकाळी जाऊन करता काय? मी म्हनलं, शब्द हुडकतो. तर म्हनतो, आमी हरवलेलं मेंढरू हुडकतो. ते घावलं की कळपात येतं. तुमचा शब्द घावल्यावर त्याचं काय करता?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"काय सांगनार? लई इचार केला. साहेब, तुमीच सांगा आता."

साहेबांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "चर्चा करावी."

ती अजून झालेली नाही.

* * *

सणाच्या दुसऱ्या दिवशी पेपर आला नाही. साहेब म्हणाले, आदल्या दिवशीचा घ्या. मी म्हटलं, "साहेब, त्यातले शब्द तर मंजूर झालेत."

"काल झाले म्हणून आज होतीलच असं नाही."

आम्ही तेच शब्द पुन्हा सादर केले आणि साहेबांनी त्यातले निम्मे फेटाळले. ज्यांनी सरकारी नोकरी केलीय त्यांना यात विशेष वाटणार नाही. मी मात्र हा किस्सा फोनवर हौसेनं अविनाशला सांगितला. तो हसला नाही. "बघा काका, काल काय केलं ते बाबांना आज आठवत नाही," म्हणाला.

पुढच्याच आठवड्यात साहेबांकडून गॅस चालू राहिला. शेजारणीनं अविनाशला कळवलं आणि डॉक्टरची वेळ ठरली.

* * *

सोबत मी गेलो. अविनाशनं आधीच बजावलं होतं, "काका, मध्ये बोलायचं नाही."

साहेबांनी तारीख सांगितली, पत्ता सांगितला, आकडे उलटे मोजून दाखवले. डॉक्टर खूश दिसले. मग घड्याळ समोर धरून म्हणाले, "आता एफवरून सुरू होणारे इंग्रजी शब्द. मिनिटभरात जेवढे येतील तेवढे. चला."

साहेबांनी हाताची घडी घातली, चष्म्यावरून डॉक्टरांकडं पाहिलं आणि वाट बघत बसले.

डॉक्टरही वाट बघत बसले. अविनाशनं मान खाली घातली. मिनिट संपलं तसं डॉक्टरांनी पेन उचललं, आणि मला राहवेना.

"डॉक्टरसाहेब, ते शब्द देत नसतात. मंजूर करतात."

"काका!" अविनाश म्हणाला.

डॉक्टरांनी मला सगळं विचारून घेतलं. मग पेन ठेवून अविनाशला म्हणाले, "ठीक आहे. तुम्ही द्या शब्द."

"मी?"

"द्या."

"फॅन."

"मंजूर," साहेब म्हणाले.

"फूड. फाइल. फॉर्म."

"मंजूर. मंजूर. मंजूर."

"फिश... फूड."

"फूड झाला, फॅननंतर. पुढं."

अविनाशनं छताकडं पाहिलं, खिडकीकडं पाहिलं, खिशातल्या मोबाइलवर हात ठेवला. शब्द येईना.

डॉक्टर हसले. "यांना कुठं हलवायची गरज नाही. शेगडीला आपोआप बंद होणारं बटण बसवून घ्या, आणि सकाळचं हे बसणं चालू राहू द्या."

अविनाश उठला, मी उठलो. साहेब उठले नाहीत. खुर्ची जरा पुढं ओढून त्यांनी आवाज खाली आणला.

"माझं झालं, डॉक्टर. पण याचं घाबरण्यासारखं नाही ना? पुण्यात याच्याशी बोलायला कुणी नसतं हो."