गिअरबॉक्सचं झाकण

किसन सोनकांबळे यांच्या निधनाची बातमी आमच्या कार्यालयात आली तेव्हा तिच्यात चुका होत्या. ‘नांदेड येथील नामवंत मोटारसायकल मेकॅनिक’ असं वार्ताहराने लिहिलं होतं, आणि ‘अल्पशा आजाराने’ असंही. किसनराव मेकॅनिक नव्हते. ते पाटबंधारे खात्यात आरेखक होते, धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढायचे. पाना हातात घेतला की त्यांच्याकडून नटाचे कोपरे झिजायचे आणि गाडी चालवणं तर त्यांना कधीच नीट जमलं नाही. आजारही नव्हता. ऑफिसातून घरी आले, खुर्चीत बसून पाणी मागितलं, आणि त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, तांब्या घेऊन येईपर्यंत मान कलली होती. मी चुका दुरुस्त केल्या. उरल्या त्या चार ओळी छापून आल्या. त्यांत मावलं नाही ते आता, महिना उलटून गेल्यावर लिहितो आहे. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना राग बाजूला ठेवावा असा संकेत आहे. तो मला पाळता येणार नाही.

आपल्या भागातल्या जुन्या विलायती मोटारसायकली दोन वाटांनी आल्या. काही निजामाच्या अंमलदारांच्या होत्या, काही महायुद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेल्या. बनवणारे कारखाने बुडाले, सुटे भाग येणं थांबलं, आणि एकेक गाडी कुठल्यातरी तळहाताएवढ्या भागावाचून गोठ्यात जाऊन उभी राहिली. किसनराव हे भाग शोधायचे. हैदराबादचा भंगारबाजार त्यांना पाठ होता. एका कार्ब्युरेटरची पितळी वाटी त्यांना अर्धापूरला केळीच्या बागेत सापडली. बागवाला तिने फवारणीचं औषध मोजत होता. दुसरं माप आणून देईन म्हणाले आणि त्याच्या हातातून ती जवळजवळ हिसकावूनच आणली. जे सापडायचं नाही ते करायचे. तसाच चांगला भाग कोणाच्या तरी गाडीवर आहे असं कळलं की तो उसना आणायचा, मोजायचा, त्याबरहुकूम सागवानाचा नमुना कोरायचा. मग लातूरला मन्मथअप्पांच्या ओतशाळेत तो नमुना ओल्या वाळूत दाबून साचा घ्यायचा आणि त्यात धातू ओतायचा. उसना आणलेला भाग ते परत करायचे, पण सावकाश. त्यावरून त्यांची अर्ध्या मराठवाड्याशी भांडणं होती.

ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून नमुना मूळ भागापेक्षा किंचित मोठा करावा लागतो. त्यासाठी किसनरावांनी स्वतःची पट्टी बनवली होती. तिचा प्रत्येक इंच खऱ्या इंचापेक्षा जरासा लांब होता. अप्पा तिला ‘लबाड पट्टी’ म्हणायचे. अप्पांची ओतशाळा उसाच्या चरकांचे आणि पंपांचे भाग ओतायची; मोटारसायकलचं काम त्यांनी दोस्तीखातर पत्करलं आणि मग तेही त्या नादाला लागले. दोघं रविवारी अहमदपूरच्या बसस्टँडवर भेटायचे, कारण ते दोघांनाही अर्ध्या वाटेवर. किसनरावांनी पिशवीतून नमुना काढून द्यायचा, अप्पांनी मागच्या खेपेचा ओतलेला भाग द्यायचा, चहा घ्यायचा, आणि दोघांनी आपापली एसटी धरायची. अलीकडच्या दुष्काळात लातूरच्या विहिरी आटल्या, वाळू भिजवायलाही पाणी मिळेना, तेव्हा किसनराव नमुन्याबरोबर पाण्याचा कॅन घेऊन जाऊ लागले. एकदा मी सोबत होतो.

“गंगा घेऊन आलाव का साहेब?” अप्पांनी विचारलं. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात.

“गंगेत डबके उरले. ऑफिसच्या बोअरचं हाय.”

“म्हंजे सरकारी पानी. तरीच मागची वाळू ढिली पडली.”

“वाळू ढिली न्हाई पडली, अप्पा. तुमचा हात ढिला पडून राहिलाय. कड बगा ह्याची, कशी खाल्ली.”

“माझा हात? त्या लबाड पट्टीवाल्यानं माझ्या हाताची खोट काढावी?”

“काढतो. आन पुन्हा ओतून द्या म्हनतो.”

अप्पांनी भाग उलटसुलट पाहिला, बोट कडेवरून फिरवलं आणि परत पिशवीत टाकला. वीस वर्षं हे असंच चालू होतं. कौतुक दोघांनीही एकमेकांचं केलेलं मला आठवत नाही.

किसनरावांची स्वतःची गाडी एकच. हदगाव तालुक्यातल्या त्यांच्या गावी निजामाच्या काळात एक अंमलदार त्या गाडीवरून वसुलीला यायचा. किसनरावांचे वडील वेठीला असायचे. गाडी चिखलातून काढायची, ढकलायची, धुवायची हे त्यांचं काम. “गाडी धुवायला त्यांना विहिरीचं पानी काढून देत व्हते,” किसनरावांनी मला एकदा सांगितलं. “वरूनच वतायचे घागरीत. तेच पानी प्यायला मागितलं तर न्हाई.” निजामाचा अंमल संपून बरीच वर्षं गेल्यावर ती गाडी हदगावच्या एका गोदामात सांगाडा होऊन पडलेली त्यांना दिसली आणि त्यांनी ती बैलगाडीत घालून आणली. तिचे निम्म्याहून अधिक भाग नव्हते. ते एकेक करत तयार झाले. शेवटी गिअरबॉक्सचं एक झाकण तेवढं राहिलं. ते झालं की गाडी चालू करायची आणि मागे वहिनींना बसवून गावच्या त्या विहिरीपर्यंत जायचं, असा बेत होता. चालवणार कोण, असं वहिनी विचारायच्या. “ढकलत नेऊ. बापापासनं सवय हाय आपल्याला,” हे त्यांचं उत्तर.

किसनरावांचा एक हट्ट मला तेव्हाही पटला नव्हता आणि आज तर त्याचा संताप येतो. नमुना कोरून झाला की ते त्याचं रेखाटन फाडून टाकायचे. ज्याची नोकरी नकाशे काढण्याची आणि जपण्याची, त्याचा कागदावर काडीचा विश्वास नव्हता. ऑफिसातल्या फायलींची वाळवीने केलेली माती त्यांनी पाहिली होती. “लाकूड हाच नकाशा,” म्हणायचे. “सागाला वाळवी शिवत न्हाई.” सरकारी क्वार्टरमध्ये जागा नव्हती, म्हणून सगळे नमुने अप्पांच्या ओतशाळेमागच्या पत्र्याच्या खोलीत फळ्यांवर मांडलेले असायचे. ज्या गाड्यांवरून मापं घेतली त्यांतल्या कित्येक नंतर विकल्या गेल्या, मोडीत गेल्या. म्हणजे काही भाग जगात जसे होते तसे फक्त त्या फळ्यांवर उरले होते, तेही लाकडात. हे त्यांना कळत होतं, मला कळत होतं, अप्पांनाही कळत होतं. तरी एक प्रत कागदावर काढून ठेवायला ते तयार झाले नाहीत.

लातूर वेगळा जिल्हा झाला. त्याचा आनंद आम्ही सर्वांनी केला, आमच्या पेपरने विशेष पान काढलं. नवा जिल्हा म्हणजे नवी कार्यालयं, आणि कार्यालयांकडे जाणारे रुंद रस्ते. त्यांतल्या एका, पाटबंधारे खात्याच्या, इमारतीच्या रस्त्यात अप्पांची मागची खोली आली. पाडकामाचा दिवस कळला तेव्हा किसनरावांनी एका दिवसाची रजा मागितली. ते त्यावेळी टंचाईच्या कामावर होते. कुठल्या गावाला कुठून टँकर जाईल याचे नकाशे काढत होते. त्यांच्या साहेबाने सगळ्या टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “लोकं पाण्यावाचून तडफडताहेत आणि तुम्हाला खेळण्यांसाठी रजा पाहिजे?” पाडकामाच्याच दिवशी ते साहेब स्वतः लातूरला, त्या इमारतीच्या उद्घाटनाच्या तयारीसाठी जीप घेऊन गेले. त्या जीपमध्ये एक जागा रिकामी होती. हे मला ड्रायव्हरने सांगितलं.

अप्पांनी एकट्याने होईल ते केलं. भट्टी, चरकांचे जड साचे, लोखंड हलवलं. किसनरावांचे नमुने त्यांनी पोत्यांत भरले, रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली रचले, पाडकामाच्या मुकादमाला हात लावू नका म्हणून बजावलं आणि ते ठेवायला जागा शोधत दुसरा दिवसही बाहेरच फिरले. दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं. पाहुण्यांचा स्वयंपाक तिथेच मांडवामागे रांधला. त्यापुढच्या दिवशी रविवार होता, किसनराव आणि मी पहिल्या गाडीने लातूरला उतरलो. ताडपत्री नीट घडी घालून ठेवलेली होती. चुलवणाजवळ आचारी भांडी आवरत होता. अप्पा राखेपाशी उकिडवे बसले होते, आमच्याकडे पाहिलंही नाही.

किसनरावांनी आचाऱ्याला विचारलं, “पोत्यातलं लाकूड कोनी दिलं?”

“मुकादम म्हनला घ्या, मंग घेतलं,” आचारी म्हणाला. त्याला काही माहीत नव्हतं, आणि माणूस साधा होता. “लई गुनाचं लाकूड, साहेब. धूर म्हनून न्हाई केला. बुंदी एकसारखी उतरली.”

“साग हाय,” किसनराव म्हणाले. “जुना. धूर करत न्हाई.”

मग ते राखेत हात घालून चाचपू लागले. दोन तुकड्यांच्या नमुन्यांचे तुकडे एकमेकांवर नेमके बसावेत म्हणून त्यांत पितळेच्या बारीक खुंट्या घातलेल्या असत. त्या तेवढ्या सापडल्या. त्यांनी रुमालात गोळा केल्या. गिअरबॉक्सच्या झाकणाच्या नमुन्यात तर खुंट्याही नव्हत्या, तो एकसंध होता. आधल्याच रविवारी कोरून अप्पांच्या हाती दिला होता आणि त्यांच्याकडे पाण्याअभावी ओतायचा थांबला होता.

परतीच्या गाडीत ते मला म्हणाले, “छाप. साहेबाचं नाव घालून छाप.” मी नावासकट लिहून दिलं. रजा नाकारली तो प्रसंग, मुकादम, चूल, सगळं तपासून. आमच्या पेपरने पहिल्या पानावर उद्घाटनाची फीत छापली. माझी बातमी कंपोझही झाली नाही. दुष्काळात जळणाची बातमी कोण वाचतं, असं मला वरून सांगण्यात आलं. त्यांनी ‘जळण’ हा शब्द वापरला, हे मी किसनरावांना सांगितलं नाही. त्यांनी पुढचे काही दिवस रोज पेपर उलगडून पाहिला, मग पाहणं सोडलं.

झाकणाचा नमुना त्यांनी पुन्हा कोरायला घेतला. मूळ झाकण ज्या हैदराबादच्या गृहस्थांकडून उसनं आणून, मोजून परत केलं होतं, ते वारले होते, आणि त्यांची गाडी घरच्यांनी विकली होती. कोणाला, ते त्यांनाही सांगता येईना. झाकणाची बाहेरची कड गिअरबॉक्सवरून घेता येते. आतले दांडे कुठे टेकतात आणि किती खोल, ते मूळ झाकण हातात असल्याशिवाय कळत नाही. त्यांनी आठवून कोरलं, अप्पांनी ओतलं. झाकण बसलं, आणि गिअर जागच्या जागी आवळले गेले. “वितळवून टाका,” म्हणाले. त्यानंतर ते अहमदपूरला जायचे, अप्पाही यायचे, पण पिशव्या रिकाम्या असत. डॉक्टरांनी दाखल्यावर हृदय लिहिलं आहे. मी डॉक्टर नाही.

शोकसभा ऑफिसातच झाली. ते साहेबच पहिले बोलले. “छंद जोपासावा तर सोनकांबळेंसारखा,” असं म्हणाले आणि त्यांचा आवाज खराखुरा दाटून आला, हे मला सर्वांत असह्य झालं. त्यांनी एक घोषणाही केली. किसनरावांची गाडी लातूरच्या त्या नव्या इमारतीच्या दालनात, काचेआड, त्यांच्या नावाच्या पाटीसह उभी राहील. गिअरबॉक्सपाशी उघडं दिसतं तिथे सुतार हुबेहूब लाकडी झाकण करून देईल, वर रुपेरी रंग मारला की कोणाला कळायचं नाही. सभेने टाळ्या वाजवल्या. वहिनींना क्वार्टर सोडायचं होतं. त्यांच्या भावाच्या घरी दोन खोल्या, तिथे गाडीला जागा नव्हती. साहेबांनी ते हेरूनच ही घोषणा केली असावी. मग वहिनींना बोलायला सांगितलं. त्या सहसा चारचौघांत बोलत नाहीत.

“गाडी चालू करून नेत असाल तर न्या,” त्या म्हणाल्या.

साहेब हसून म्हणाले, “वहिनी, ती कशी चालू होईल?”

“मंग ठिऊ नका तिथं. आन लाकूड तर लावूच नका तिला. लाकडाचं काय केलं तिथं, ते म्या ऐकलंय.”

खुर्च्या सरकल्या... मागच्या रांगेतून अप्पा उठले आणि वहिनींना म्हणाले, “ताई, उद्या टेम्पो आनतो.”

गाडी आता लातूरबाहेर, अप्पांनी नव्याने बांधलेल्या शेडमध्ये आहे. गेल्या सोमवारी मी तिथे गेलो होतो. सोमवारी अप्पांची भट्टी बंद असते. पूजा आटोपून ते शेडमध्ये येतात आणि गाडीपाशी पाट घेऊन बसतात. गिअरबॉक्स उघडा असल्यामुळे आतल्या दात्यांना गंज लागू नये म्हणून त्यांत ग्रीस भरून ठेवलेलं आहे. आठवड्याभरात त्यावर वाळूची धूळ बसते. अप्पा चिंधीने जुनं ग्रीस पुसून काढतात, नवं भरतात. मी होतो तेव्हा शेजारचा वेल्डिंगवाला आला, थोडा वेळ पाहत उभा राहिला.

“अप्पा, एक पत्रा कापून देतो की. चार स्क्रूवर बसंल. दर सोमवारची ही कटकट कशापायी?”

“पत्रा मारला की गाडी पुरी झाली म्हनतील लोकं.”

“म्हनू द्या की.”

“न्हाई झाली,” अप्पा म्हणाले. “किसनरावची गाडी पुरी न्हाई झाली. येनाऱ्या-जानाऱ्याला दिसू द्या.” आणि चिंधी बोटाला गुंडाळून ते पुढच्या दात्याकडे वळले.