पातेल्याची बाहेरची बाजू

इब्राहीमचाचा कल्हईवाल्यांच्या मोबाईलवरच्या पेजवर भांड्यांची फक्त आतली बाजू दिसते. बाहेरची कधीच नाही. लोक खाली विचारतात, पितळ बाहेरूनही घासून दाखवा की. चाचा त्यावर काही बोलत नाहीत. उत्तर मलाच द्यायला हवं, कारण तो सगळा घोळ माझा.

मी शेफाली. भोरमध्ये छोट्या धंदेवाल्यांना मोबाईलवरून गिऱ्हाईक कसं मिळवायचं ते शिकवते. पुण्यात सहा वर्षं हेच काम केलं आणि मग गावी परत आले, डोक्यात भलतंच शहाणपण घेऊन. बचत गटाच्या हॉलमध्ये दर बुधवारी वर्ग भरतो. पापडवाल्या बायका, एक सलूनवाला, रोपवाटिकेचे दोघे भाऊ आणि शेवटच्या खुर्चीवर बासष्ट वर्षांचे इब्राहीमचाचा. मला ते ‘म्याडम’ म्हणायचे आणि म्हणताना हसायचे, कारण माझ्या आईची भांडी त्यांनी माझ्या जन्माआधीपासून कल्हई केली होती.

पितळेच्या भांड्यात आंबट शिजवलं की ते कळकतं, म्हणून आतून कथलाचा हात द्यावा लागतो. चाचा जुन्या मोपेडवर भाता, कोळसा, नवसागर आणि कथील बांधून भोरपासून वेल्ह्यापर्यंत फिरायचे. त्यांचा एक नेम होता. भांडं कधी घरी न्यायचं नाही. गिऱ्हाइकाच्या अंगणातच खड्डा करायचा, भट्टी लावायची आणि घरच्या बाईच्या डोळ्यांसमोर काम करायचं. दुसरा नेम तोंडाचा. कुणाच्या स्वयंपाकघरात काय आहे आणि काय नाही, हे चाचांइतकं दोन तालुक्यांत कुणाला ठाऊक नसेल. पण एका घरचं दुसऱ्या घरी त्यांनी कधी काढलं नाही. म्हणून तर बायका माजघरातली भांडी बिनघोर त्यांच्यापुढे आणून ठेवायच्या.

आणि मी त्यांना काय शिकवत होते? चेहरा दाखवा, लोक वस्तूवर नाही, माणसावर विश्वास ठेवतात. काम आधी कसं होतं आणि नंतर कसं झालं ते दाखवा. गावाचं नाव टाका. कुणी काही विचारलं तर तासाभराच्या आत उत्तर द्या. चाचांनी चेहऱ्याला साफ नकार दिला. "आमचं त्वांड बघून कोन भांडं देतंय, म्याडम?" म्हणाले. मग ठरलं, फक्त हात दाखवायचे.

पहिल्या दोन-तीन रीलना जेमतेम पन्नास माणसं मिळाली. मला चीड आली. चाचांच्या कामात दोष नव्हता, मग दोष माझ्या शिकवण्यात निघाला असता. म्हणून एका शनिवारी मी स्वतःच त्यांच्याबरोबर सारोळ्याला गेले. हायवेवर नीरेच्या पुलाजवळ राजनंदिनी नावाच्या मुलीचं दोन खोल्यांचं घर होतं. नवऱ्याचं पंक्चरचं दुकान, कडेवर सात-आठ महिन्यांचं बाळ. तिनं एक मोठं पातेलं बाहेर आणून ठेवलं. बाहेरून काजळीनं काळंकुट्ट.

"ताई, मी दिसायला नको हं त्यात," ती म्हणाली.

"अजिबात नाही. फक्त पातेलं," मी वचन दिलं आणि ती बाळाला निजवायला आत गेली.

पातेलं तापलं, नवसागराचा पांढरा धूर निघाला, कथील वितळलं आणि चाचांच्या हातातला कापडाचा बोळा गरकन फिरला. आतली बाजू चांदीसारखी झाली. पण बाहेरून ते अजून काळंच होतं आणि माझ्या कॅमेऱ्याला ते खुपत होतं.

"चाचा, बाहेरूनही घासा ना."

"कल्हई आतनं असती. भाईर कशाला?"

"लोकांना बाहेरचंच आधी दिसतं."

चाचा कुरकुरले. मीच आतून चिंच मागून आणली. त्यांनी घासायला घेतलं आणि काजळीखालून अक्षरं वर आली. ‘सौ. रतनबाई सोनबा, मु. पाली, सन १९७१’. मला कोण आनंद! जुनं पितळ, जुनं नाव, याहून चांगलं काय मिळणार? चाचा पाठ करून भट्टीवर पाणी मारत होते. मी कॅमेरा त्या अक्षरांवरून सावकाश फिरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता रील टाकलं आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं, सारोळे.

दोन दिवसांत साठ हजार लोकांनी ते पाहिलं. मी हवेत. कुणी लिहीत होतं, आमच्या आजीकडे असंच होतं. कुणी चाचांचा नंबर मागत होतं. त्यातच एकानं लिहिलं, ‘हे तर आमच्या पालीच्या रतनआजीचं पातेलं. सारोळ्यात कसं काय?’ तासाभरात उत्तर द्यायचा नियम माझाच. मी लिहिलं, ‘मालकिणीच्या दारातच केली कल्हई, पुलाजवळ, पंक्चरच्या दुकानामागे!’ आणि पुढे एक हसरा चेहरा.

बुधवारी वर्गाच्या आधी चाचा आले. खुर्चीवर बसले नाहीत. मोबाईल माझ्यापुढे धरला.

"ह्ये तुमी लिवलं?"

मी हो म्हटलं. चाचा मटकन खाली, फरशीवरच बसले. मग त्यांनी सगळं सांगितलं.

राजनंदिनी पालीच्या हनुमंतरावांची एकुलती लेक. दोन वर्षांपूर्वी तिनं घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं. हनुमंतरावांनी सगळ्या भावकीसमोर शपथ घेतली, ‘माझ्या घरातला चमचाबी तिच्या दारात ग्येला, तर साळूबाईनं माहेरची वाट धरायची.’ साळूबाई म्हणजे त्यांची बायको, राजनंदिनीची आई. नवऱ्याचं बोलणं तिनं मान खाली घालून ऐकलं. आणि महिन्याभरानं चाचा पालीला गेले, तेव्हा सासूचं ते पातेलं त्यांच्यापुढे ठेवलं.

"वैनी म्हनल्या, कल्हई करा आनि हितं ठिवू नका. पोरीकडं न्या. म्या न्हाई म्हनाया पायजे हुतं. पर त्यांचं त्वांड बघवंना. म्या मोपेडला बांदाया लागलो आनि गोठ्यातनं हनुमंतराव आले. म्हनले, दोरी ढिली हाय, द्या हिकडं. सोताच्या हातानं बांदलं. म्हनले, आता कितीबी लांब जावा, पडायचं न्हाई. म्याडम, माझा जीव हितं आला हुता." चाचांनी गळ्याला हात लावला. "कुनाला कळलं न्हाई. दोन वर्सं कुनाला कळलं न्हाई. आनि आता..."

आता साठ हजार लोकांना कळलं होतं. मी रील काढून टाकलं, माझं ते दीडशहाणं उत्तरही काढलं. पण तोवर ते पालीतल्या घराघरात मोबाईलवर पोचलं होतं. त्या संध्याकाळी भावकी हनुमंतरावांच्या घरी जमणार, अशी खबर चाचांना लागली होती. बाईचा संसार माझ्या एका रीलनं मोडायची वेळ आली होती. मला स्वतःची इतकी किळस कधीच आली नव्हती.

"मला पालीला न्या," चाचा म्हणाले. "माझी मोपेड येळेत पोचायची न्हाई."

मी वर्गाला सुट्टी दिली आणि चाचांना स्कूटरवर घेतलं. मांडीवर त्यांनी भात्याची पिशवी घट्ट धरली होती. ती कशाला घेतली, हे विचारायचं मला सुचलं नाही. नसरापूरमार्गे आम्ही पालीत पोचलो.

राजगडावर जाणाऱ्यांच्या दोन गाड्या रस्त्याला उभ्या होत्या. हनुमंतरावांचं घर त्यांच्या पलीकडे. ते अंगणात बाजेवर बसले होते. साळूबाई उंबऱ्यात उभ्या, चेहऱ्यावर रंग म्हणून नव्हता. चाचांनी वहाणा काढल्या आणि हात जोडले.

"हनुमंतराव, पातेलं म्या चोरलं. वैनींनी कल्हईला दिलं हुतं, म्या घरी न्हेलं आनि परत आनलंच न्हाई. सारोळ्याला इकलं. वैनींचा काई दोस न्हाई. काय बोलायचं त्ये मला बोला. पंचांत सांगा, पोलिसात सांगा."

मी थक्क होऊन बघत राहिले. चाळीस वर्षं ज्या माणसानं दुसऱ्याच्या घरातला चमचा हलवला नाही, तो भर अंगणात स्वतःला चोर म्हणवून घेत होता. आणि ज्या बाईनं हे सगळं केलं ती, म्हणजे मी, बाजूला स्कूटरची चावी हातात धरून उभी होते.

"इब्राहीमभाय," हनुमंतराव म्हणाले, "तीस वर्सं तुमी हितं येताय. माज्या घरचं एक तरी भांडं कल्हईला भोरला न्हेलंय का कदी?"

चाचांनी भात्याची पिशवी खाली ठेवली.

"भट्टी ह्याच अंगणात लागती. त्या दिशीबी लागली. कल्हई झाली, आनि तरी पातेलं मोपेडवर चढलं. म्या येडा हाय व्हय? म्या दोरी कशापाई आवळली मंग?"

साळूबाईंच्या तोंडून नुसता "अगं आई" एवढाच शब्द निघाला. दोन वर्षं ज्याच्यापासून सगळे लपवत होते, त्यानंच ती गाठ मारली होती.

"म्हायती न्हाई म्हनून गप बसता येत हुतं," हनुमंतराव म्हणाले. आवाज चढला होता आणि तो माझ्यावर होता. "शपथबी ऱ्हात हुती, पोरगीबी ऱ्हात हुती. ह्या तुमच्या मोबाईलनं तेवडी जागाबी ठिवली न्हाई. सांजच्याला भावकी इचारनार, बाईला कवा धाडतोस म्हनून. काय सांगू त्यास्नी? तुमीच सांगा की, लई शिकवता म्हनं लोकांना."

मी माफी मागितली. माफी त्या अंगणात अगदीच पोचट वाटली. हनुमंतराव उठून आत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात पितळेचं मोठं झाकण होतं. कडेला तीच अक्षरं, रतनबाई सोनबा.

"पातेल्याचं झाकन. हितंच ऱ्हायलं हुतं. आईनं दोन्ही बराबर घेतलं हुतं. लावा भट्टी."

चाचांनी पिशवी उघडली आणि खड्डा उकरायला बसले. हनुमंतराव माझ्याकडे वळले.

"आनि तुमी चित्र काडा. ह्यात माजं त्वांड दिसलं पायजे. गावाचं नावबी टाका."

माझा पहिला धडा मला कुणी असा परत करेल, असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी मोबाईल काढला. भाता फुसफुसायला लागला. हनुमंतराव झाकण छातीशी धरून कॅमेऱ्यात बघत म्हणाले, "म्या हनुमंत, ऱ्हानार पाली. पातेलं माज्या आईचं. लेकीला म्याच धाडलंय. बांदूनबी म्याच दिलंय. शपथ म्या घेतली हुती, म्याच मोडली. कुनाला काय इचारायचं त्यानं मला इचारावं, माज्या बायकूला न्हाई."

एवढंच. मी तिथेच ते पेजवर टाकलं. पालीत रेंज धड नसते. स्क्रीनवरचं चक्र फिरत राहिलं आणि आम्ही तिघं त्याच्याकडे बघत राहिलो. चाचा तेवढे भात्यावर. शेवटी एकदाचं ते गेलं.

पाच मिनिटं झाली असतील. घरात साळूबाईंचा फोन वाजला. त्या धावल्या, फोन घेऊन उंबऱ्यात आल्या आणि नवऱ्याला बघून जागीच थिजल्या. फोनच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत नाव होतं, ‘इब्राहीम कल्हईवाले’.

मी चाचांकडे बघितलं. त्यांचा एक हात भात्यावर होता, दुसऱ्यात चिमट्यात धरलेलं तापलेलं झाकण.

"उचल की," हनुमंतराव बायकोला म्हणाले. "दोन वर्सं रोज दुपारी एकच्या ठोक्याला कल्हईवाल्याचा फोन येतोय. येवडी कल्हई कुनाच्या घरात असती?"

साळूबाईंना ते बटण काही दाबवेना. मग हनुमंतरावांनीच फोन त्यांच्या हातातून घेतला, कानाला लावला आणि पलीकडचं रडणं थोडा वेळ ऐकलं.

"झाकन हितं हाय," ते म्हणाले. "इब्राहीमभाय आनून देनार न्हाईत. बाळाला घे आनि तूच ये न्यायला."